भात्याच्या पलीकडून

बसू,

तुला मातीत बसवून आज तेरा दिवस झाले. आपल्या लिंगायतांत निजवत नाहीत, बसवतात, हे तुझ्या तिकडच्या मित्रांना फोनवर समजावून सांगता सांगता माझ्या तोंडाला फेस आला. शेवटी मी म्हणाले, जन्मभर पियानोपुढे जसा बसला तसाच बसलाय, पाठ ताठ, हात पुढे. ते त्यांना लगेच समजलं.

इथल्या एका पेपरात तू ‘प्रख्यात हार्मोनियमवादक’ म्हणून छापून आलास. शेजारच्या बिराजदार काकू तो पेपर घेऊनच भेटायला आल्या. “भाऊ आर्केस्ट्रात होते व्हय तुमचे?” म्हणाल्या. मी हाव म्हणाले. काय सांगत बसणार? जगातल्या कुठल्या कुठल्या शहरांत लोकांनी उभं राहून तुझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, आणि लातूरला तुझ्या मातीला आम्ही सव्वीस जण होतो. त्यातले निम्मे अण्णांच्या आडतीच्या ओळखीचे, उरलेले मी शिकवायची त्या शाळेतले. तुझं वाजवणं ऐकलेली त्यात मी एकटी. तुझ्याविषयी बोलायला या गावात मला माणूस मिळत नाही, म्हणून तुझ्याशीच बोलतेय.

त्या दिवशीचं तुला सांगायचं राहिलं. मठाच्या अय्यांनी डावा हात पुढे घ्यायला सांगितला, तळव्यावर इष्टलिंग ठेवायचं होतं. तुझी मूठ उघडेना. अर्धांगाचा झटका आल्यापासून तो हात आखडलेलाच होता, आणि गेल्यावर तर जास्तच. दोघा-तिघांनी ओढून पाहिलं. मी म्हणाले, सरका. कोमट पाणी मागवलं, त्यात कापड भिजवून मूठ शेकली आणि करंगळीपासून एकेक बोट सोडवत गेले. अंगठा सगळ्यात शेवटी सुटला. लोक बघत होते, पण त्या हातावर माझा थोडा हक्क आहे असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आताही वाटतं.

का वाटतं ते तुला माहीत आहे. दुसऱ्या कुणाला माहीत नाही, हेच तर आपलं भांडण.

तू नऊ वर्षांचा होतास, मी चौदाची. धान्याच्या मोंढ्यात खाली अण्णांचं आडतीचं दुकान, वर आपलं घर. अण्णांनी भजनी मंडळाची जुनी पेटी घरी आणली आणि कदम गुरुजींना शिकवायला बोलावलं. तुझा हात भात्यापर्यंत पुरायचा नाही. पुरला तर हवा मारता मारता तू अख्खा पुढे झुकायचास आणि सूर तुटायचा. चौथ्या दिवशी अण्णांनी मला हाक मारली. “शांते, बस हितं समोर. पोराचा हात पुरंना झालाय. तू हवा मार.” मी बसले. मलाही शिकायचं होतं. ते मी म्हणाले नाही आणि कुणी विचारलंही नाही.

पेटीच्या पलीकडे बसलं की सगळं उलटं दिसतं. खर्ज माझ्या उजवीकडे, वरचे सूर डावीकडे, आणि काळ्या पट्ट्या माझ्या बाजूला. तुझे केस आधी दिसायचे, मग कपाळ, मग बोटं. रोज संध्याकाळी दीड तास. खालून तुरीची धूळ वर यायची, तू शिंकायचास आणि परत पहिल्यापासून सुरू करायचास.

तुझा डावा हात रिकामा राहिला तो माझ्यामुळे. महिनाभर तो मांडीवर गप पडून होता. मग एक दिवस तू तो हळूच खालच्या पट्ट्यांवर ठेवलास. उजव्या हातानं अभंगाची चाल चालू आणि डाव्या हाताचं त्याला धरून काहीतरी निराळंच. मी भाता मारायचं थांबवलं. तू वर बघून म्हणालास, “अक्का, हवा मार की.” गुरुजींना ते बिलकुल पटलं नाही. “डावा हात भात्याचा आसतो, सुराचा न्हाई,” म्हणाले. अण्णांनी त्यांचं ऐकलं आणि मला उठायला सांगितलं. मग दोन दिवस तू जेवला नाहीस. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा समोर.

तेव्हा आपली खूण ठरली. ठरवली नव्हती, आपोआप पडली. जोराची जागा यायच्या आधी तू मान वर करून माझ्याकडे बघायचास आणि हनुवटी जराशी उचलायचास. म्हणजे हवा वाढव. मी कधी चुकले नाही. चुकले असले तर आता सांगायला तू नाहीस.

नांदेडचा तो दिवस तरी तू विसरला नसशील. दिवाळीच्या सुट्टीत आपण मामाकडे गेलो होतो. मामाच्या घरामागं एक लहान चर्च होतं आणि त्यात भिंतीला लावून ठेवलेला, ओल लागलेला पियानो. दहा-बारा पट्ट्या मुक्या. तू तिथं पोचलास कसा देव जाणे. मामा मला शोधत आला. “अगं, तुझा भाऊ तिथं काय करून राहिलाय बघ.” तू स्टुलावर बसला होतास आणि पट्ट्या दाबत नव्हतास, नुसता इकडं तिकडं बघत होतास. मला बघितल्यावर विचारलंस, “अक्का, ह्याचा भाता कुठाय?” तिथल्या सॅम्युएल बाई हसल्या. याला हवा लागत नाही, म्हणाल्या. तुझा विश्वास बसला नाही. तू मला समोर उभं राहायला लावलंस. मामानं आणि मी तो पियानो भिंतीपासून ओढला, मी त्याच्या मागच्या फटीत शिरले. वरून माझं डोकं तेवढं दिसत असणार. मग वाजवलंस, दोन्ही हातांनी, आणि जोराच्या जागेआधी माझ्याकडे बघून हनुवटी उचललीस. माझ्या हातात काही नव्हतं, तरी मी हवा मारल्यासारखा हात हलवला.

बाईंनी विचारलं, याचा डावा हात कुणी तयार केला? तू माझ्याकडे बोट दाखवलंस.

पुढचं सगळं जगाला माहीत आहे. बाईंनी तुला मुंबईला धाडलं, मुंबईनं परदेशात, आणि बाविसाव्या वर्षी तू तिकडची मोठी स्पर्धा जिंकलास. परदेशी जायच्या आदल्या दिवशी तू गळ्यातलं लिंग काढून माझ्या हातात दिलंस. लोंबतं आणि पट्टीला लागतं, म्हणालास. अव्वा रडली, आईच ती. मी ते देवघरात ठेवलं आणि रोज सकाळी माझी पूजा झाली की तुझं तळव्यावर घेऊन तुझी केली. दुसऱ्याच्या लिंगाची पूजा आपण करत नसतो, असं अय्यांनी मला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळेस मी बरं म्हणाले आणि केली. चाळीस वर्षं तुझा डावा हात असा माझ्याकडेच होता.

तुझ्या तबकड्या यायच्या आणि आपल्याकडे त्या वाजवायचं यंत्र नव्हतं. मी शाळा सुटल्यावर गंजगोलाईतल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसायची. दुकानदार भला माणूस. एक बाजू पूर्ण होऊ द्यायचा आणि मग विचारायचा, “बाई, ह्यात गाणं कवा सुरू हुतं?” मला तरी काय कळत होतं? पण डावा हात कुठला ते मला कळायचं. तेवढा मी वेगळा काढून ऐकायची. यजमान गेल्यावर घर अगदी सुनं झालं, तेव्हा तुझ्या कॅसेटी होत्या म्हणून संध्याकाळ जायची.

मग मोबाइल आला, आणि त्यात मी तुला मोठेपणी पहिल्यांदा वाजवताना बघितलं. कॅमेरा पियानोच्या पलीकडच्या टोकाला होता, म्हणजे माझ्या जागेवर. केस पांढरे झालेले, कपाळ तेच. वाजवता वाजवता तू मान वर केलीस, समोर बघितलंस आणि हनुवटी उचललीस. मी स्वयंपाकघरात उभी होते, भाजी करपली. नंतर कुणीतरी तुझ्यावर लिहिलेलं वाचलं, की त्या क्षणी तो कुठल्या तरी अदृश्य शक्तीकडे बघतो. मला हसू आलं. अदृश्य शक्ती कसली, मोंढ्यातली शांता. पण बसू, खात्री कुणाला असते? एकदा फोनवर मी विचारलं, “ते मान वर करतोस ते काय असतं रे?” तू म्हणालास, “सवय आहे, अक्का.” आणि पावसाचं विचारायला लागलास.

तुझं नाव झालं याचा मला अभिमान होता, पण मला हेही पाहिजे होतं की कुणीतरी एकदा म्हणावं, त्या हातामागं अजून कुणी होतं. मी काही संत नाही.

त्यामुळे नांदेडला तुझा सत्कार ठरला तेव्हा मी नवी इरकल साडी घेतली. दुसऱ्या रांगेत मला बसवलं होतं. त्याच गावात, त्या चर्चपासून जेमतेम अर्ध्या कोसावर, तू माइकसमोर उभा राहून म्हणालास, “माझ्या घरात संगीताचं कुणी नव्हतं. एक पेटी होती आणि मी होतो. एकटेपणा हाच माझा गुरू.” टाळ्या झाल्या. माझ्या बाजूच्या बाईंनी डोळे पुसले. मी उठले, रिक्षा करून स्टँडवर गेले आणि लातूरच्या एसटीत बसले.

तुझा फोन आला तेव्हा अंधारून येत होतं. “अक्का, कुठं आहेस?”

“अहमदपूरला.”

“अहमदपूरला कशाला?”

“बस थांबलीय म्हणून.”

तू हसलास. मी फोन ठेवला. त्यानंतर दोन वर्षं आपण दिवाळीला आणि अव्वाच्या तिथीला बोललो, तेही तब्येतीचं. का उठून गेलीस हे तू विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास, यावर मी रात्रंदिवस विचार करून तुझी उत्तरं तयार केली होती, माझीही केली होती.

मग झटका आला आणि डावा हात गेला. तिकडं डॉक्टर, विद्यार्थी, सगळे होते. तू त्या सगळ्यांना सोडून एका बॅगेनिशी इथं उतरलास. मी दार उघडलं तर म्हणालास, “तिकडं भांडायला कुणी न्हाई.” इतक्या वर्षांनी तोंडात ‘न्हाई’ आलं. मी तुला आत घेतलं. नांदेडवरून मात्र आपण भांडलो नाही.

सात महिने आपण बरे राहिलो, तेही खरंच आहे. नळ दहाव्या दिवशी यायचा, आणि जगातला एवढा मोठा पियानोवादक एका हातानं पाइप धरून हौदाजवळ उभा राहायचा. पाणी भरायच्या वेळी तू मोठ्या घागरीचा आणि छोट्या घागरीचा सूर सांगायचास. भरत आली की सूर चढतो, म्हणायचास. मी म्हणायची, आधी सांडू नकोस. धपाटे तुला अव्वासारखे पाहिजे असायचे आणि माझ्या हाताला ती चव नाही, हे तू रोज न चुकता सांगायचास. संध्याकाळी तू दिवाणावर बसायचास. उजवा हात गुडघ्यावर चालू असायचा, डावा उशीवर ठेवलेला. मी त्याला तेल लावायची. दोघंही त्याच्याकडे बघायचो आणि बोलायचो दुसरंच.

आणि ती दुपार. ती मला आता सोडत नाही.

तू कामवाल्या मंगलकडून माळ्यावरची पेटी खाली काढून घेतली होतीस. मी बाहेरून आले तर ती पुसून दिवाणावर ठेवलेली आणि तू बसला होतास पलीकडे, माझ्या बाजूला. उजवा हात भात्यावर. म्हणालास, “बस, अक्का. मी हवा मारतो, तू वाजव.”

“मला कुठं येतंय?” मी म्हणाले.

“येतं तुला. उलटं येतं. समोर बसून गुडघ्यावर बोटं चालवायचीस की तू. मी काय बघत नव्हतो व्हय?”

पंचावन्न वर्षं मला वाटत होतं की ते कुणी बघितलं नाही. मी त्या वेळी रडले असते किंवा बसले असते, तर सगळं मिटलं असतं. पण माझ्या पोटात नांदेड होतं. मी म्हणाले, “पेटी होती आणि तू होतास ना? मग वाजव की आता तूच एकटा.”

एका हातानं पेटी वाजत नाही. हवा मारावी तर पट्टीला हात नाही, पट्टी दाबावी तर हवा नाही. हे मला माहीत होतं आणि माहीत असूनच मी बोलले. भात्यावरचा हात काढलास. त्याच हातानं झाकण ओढलंस आणि दोन कड्या लावायला लागलास. दुसरी कडी लागेना. खूप वेळ लागेना. मी समोर उभी होते आणि मी मदत केली नाही.

त्यानंतर एकोणीस दिवसांनी तू गेलास. मधल्या दिवसांत धपाटे, नळ, गोळ्या, सगळं बोलणं झालं, ते सोडून. रोज वाटायचं, आज म्हणते, काढ पेटी. तू काय मनात घेऊन गेलास, बसू? ही बाई चाळीस वर्षं नुसता हिशेब धरून बसली, एवढंच?

परवा, अकराव्या दिवशी, सबा आली. तुझी हैदराबादची विद्यार्थिनी, आता परदेशातच शिकवते. विमानतळावरून थेट गाडीनं आली, बरोबर पांढऱ्या फुलांचा गुच्छ, वाटेत कोमेजलेला. आम्ही चहा घेतला. तिचं हिंदी आपल्या मामाच्या शेजाऱ्यांसारखं, त्यामुळे मला बरं वाटलं. इतक्या दिवसांनी घरात तुझं वाजवणं ऐकलेलं दुसरं माणूस होतं. तिनं पेटीकडे बघून विचारलं, “यही है क्या? सर बहुत बोलते थे इसका.” पेटीविषयी बोलायचास म्हणजे, माझ्याविषयी नाही. मग तिनं विचारलं, वाजवून बघू का?

मी कड्या काढल्या. दुसरी अजूनही घट्टच आहे. ती बसली आणि भात्याकडे हात नेऊन थांबली, तिला दोन्ही हात पाहिजे होते. मी म्हणाले, मी मारते. आणि आपल्या जागी बसले.

तुझंच काहीतरी होतं, तू शेवटच्या वर्षी वाजवायचास त्यातलं. कुठलं ते मी विचारलं नाही. पेटीला झेपेल तेवढं तिनं सावकाश घेतलं. डावा हात सुरू झाला आणि मी खाली बघत राहिले, पट्ट्या उलट्या, खर्ज माझ्या उजवीकडे. मग मला वाटलं म्हणून वर बघितलं. जोराची जागा येत होती. त्या पोरीनं मान वर केली, सरळ माझ्याकडे बघितलं आणि हनुवटी उचलली.

माझा हात आपोआप वाढला. सूर भरून आला. पण ती संपायच्या आत मीच थांबले आणि विचारलं, हे तुला कुणी शिकवलं?

ती म्हणाली, “सर ने. सबको यही सिखाते थे, आंटी. जोर की जगह से पहले सामने देखो, हवा मांगो, फिर बजाओ.” तिच्याबरोबर शिकायला आठ देशांतली मुलं होती म्हणे. सगळी मान वर करतात. पियानोला हवा कशाला, असं त्यांनी विचारलं, तर तू सांगायचास की मागितल्याशिवाय मिळत नाही. “किस से मांगना, पूछे तो बस हँस देते थे.”

मी तिला सांगितलं नाही, कुणाकडे मागायची ते. तोंडापर्यंत आलं होतं. पण त्याआधी रडू आलं, आणि तिला वाटलं मी तुझ्यासाठी रडतेय. तेही खरंच होतं.

ती गेली. घर पुन्हा तसंच झालं. मी पेटी बंद केली नाही. आज सकाळी आधी माझी पूजा केली आणि सवयीनं दुसऱ्यासाठी हात पुढे गेला. तिथं काही नव्हतं, ते तुझ्याबरोबर गेलं. मग मी पेटीशी येऊन बसले, पहिल्यांदाच तुझ्या बाजूला, आणि एका हातानं भाता मारत दुसऱ्यानं चार पट्ट्या दाबून बघितल्या. चुकले. सरळ मला येत नाही. उठून परत पलीकडे गेले.

कुठल्या कुठल्या देशांत पोरं आत्ता पियानोपुढे बसली असतील आणि मान वर करून रिकाम्या जागेकडे बघत असतील. त्यांना हवा पुरेल, बसू, तेवढं मी बघते. त्या दुपारी मी बोलले ते मला माफ कर.

पण नांदेडला तू माझं नाव घ्यायला पाहिजे होतंस. ते मी अजून सोडलेलं नाही.

तुझी,
अक्का